आधी हुमण, मग शीत : गोव्यात राहून शुगर आटोक्यात आणताना

रिपोर्ट हातात आला की पहिले दोन दिवस माणूस घरात कुणाशी धड बोलत नाही. माझेही तसेच झाले. एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी, ९.१. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सोबत एक छापील कागद दिला. सकाळी ओट्स, रात्री दोन फुलके, भात बंद. फोंड्यात जन्म काढलेल्या माणसाने रात्री फुलके खायचे! कागद फ्रिजवर चिकटवला आणि त्याच्याकडे पाठ करून पुढचे आठ दिवस शीत-कडी, म्हणजे भात-आमटी, जेवलो.

नुकताच रिपोर्ट आला असेल आणि 'आता जेवायचे तरी काय' याच विचारात तुम्ही असाल, तर हे तुमच्यासाठी लिहिले आहे. मी डॉक्टर नाही. सहा वर्षे टाइप टू मधुमेह सांभाळतो आहे, एवढाच माझा अधिकार. ओट्स मी अजून विकत आणलेले नाहीत. शुगर फारशी न वाढवणारे जिन्नस आपल्या ताटात भरपूर असतात. ते कडेला असतात आणि शिताचा ढीग मधोमध. या दोघांच्या जागा बदलायच्या. सगळे काम तेवढेच, पण ते करायला मला वर्ष लागले.

आणि तुम्ही एकटे नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत, वीस वर्षांवरच्या लोकांतले मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघाले, २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४. म्हणजे देवळाच्या मंडपात पंगतीला बसलात, तर चारांतला एक आपल्यातलाच. त्याला तसे ठाऊक असेलच असे नाही.

शीत गोड लागत नाही, घोटाळा तिथेच होतो

टाइप टूमध्ये बहुतेकांच्या शरीरात सुरुवातीला इन्सुलिन असते, पण शरीर त्याला दाद देत नाही. इन्सुलिनचे काम रक्तातली साखर पेशींत पोचवण्याचे. ते अडले की साखर रक्तात तुंबते. ही साखर येते मुख्यतः कर्बोदकांतून, आणि कर्बोदके म्हणजे फक्त लाडू-पेढे नव्हेत. शीत, पाव, फोव (पोहे), रवा, साबुदाणा, बटाटा, कणगी (रताळी), सगळ्यांचे पोटात गेल्यावर ग्लुकोजच होते. आमच्या घरची वाटी १५० ग्रॅम शीत धरते. त्यात ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके, वजनाने आठ चमचे साखरेइतकी. मी दुपारी तीन वाट्या जेवत होतो आणि चहातली साखर सोडली म्हणून सगळ्यांना अभिमानाने सांगत होतो.

मासा, अंडे, कोंबडी यांत कर्बोदके नसल्यात जमा. पालेभाजी, तवशी (काकडी), भेंडी, वांगी, दुधी यांत थोडी. ओल्या खोबऱ्यातही थोडी, आणि त्यातला मोठा भाग चोथा. म्हणजे बांगड्याचे हुमण (माशाची आमटी) शुगरच्या दृष्टीने जवळजवळ निर्दोष, आणि ते ज्यावर ओतले जाते ते नाही.

'आमचे आजोबा ताटभर शीत जेवायचे, त्यांना कुठे काय झाले?' हे तुम्हाला ऐकवले जाईलच. आजोबा कुळागरात (बागायतीत) पाणी शिंपायचे, खाजनात चिखल तुडवायचे, बाजाराला चालत जायचे. आपण स्कूटरवरून भाजी आणतो. ताट मात्र आजोबांचेच ठेवले.

एक घास कमी करण्याआधी डॉक्टर

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी गाळू नका. मी गाळला होता.

मला मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडची गोळी होती. ती गोळी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती विचारत नाही. मी कुणाला न सांगता एका सोमवारी शीत एकदम बंद केले आणि दुपारच्या बसने पणजीला निघालो. अर्ध्या वाटेत हात थरथरू लागले, शर्ट घामाने भिजला, समोरच्या सीटवरचे आकडे दिसेनात. मंगेशीला चढलेल्या एका बाईंनी तोंडाकडे बघून ओळखले. 'शुगर आसा मरे तुका?' म्हणाल्या आणि प्रसादाच्या पुडीतली खडीसाखर हातावर ठेवली. दहा-पंधरा मिनिटांनी माणसात आलो. त्या बाईंचे नाव विचारायचे राहिले.

म्हणून आधी डॉक्टरांकडे जा आणि सरळ सांगा, 'मी भात-पाव निम्म्यावर आणणार आहे, गोळ्यांचे काय करायचे?' ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण बदलण्याच्या दिवशीच डोस कमी करावा लागू शकतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीची गोळी असेल तर कर्बोदके फारच खाली नेणे धोक्याचे, कारण शुगर साधी दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकते. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर धोकादायक खाली जाण्याची भीती कमी. रक्तदाबाच्या गोळ्यांचाही विषय काढा. वजन उतरू लागले की दाबही उतरतो आणि उठताना भोवळ येते. कुठलीही गोळी मनाने बंद करायची नाही.

मूत्रपिंडाचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील किंवा मधुमेह टाइप वन असेल तर हा लेख बाजूला ठेवा, तुमचा रस्ता डॉक्टरांनीच आखायचा. आणि डोळ्यांचा पडदा एकदा तपासून घ्या. बरीच वर्षे चढलेली शुगर एकदम खाली आली तर पडद्याचा आजार काही काळ बळावू शकतो, तो आधी दिसलेला बरा.

मीटर ७० च्या खाली दाखवील तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, वर आली नसेल तर पुन्हा तेच. माझ्या खिशात तेव्हापासून खडीसाखरेची पुडी असते. नात तिला 'आजोबाचें वखद' (औषध) म्हणते.

पहिले चार दिवस : काही बदलू नका

ग्लुकोमीटर घ्या, एक वही घ्या, आणि नेहमीसारखेच जेवा. मुद्दाम शहाण्यासारखे जेवाल तर मोजमाप फुकट. पट्ट्या स्वस्त नसतात, म्हणून दिवसाला एकच जेवण धरायचे. पहिल्या घासाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. बहुतेकांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि दोन तासांनी १८० च्या आत हे चांगले मानतात. तुमचे आकडे वय आणि बाकीच्या दुखण्यांप्रमाणे डॉक्टर ठरवतील.

टोचायचे ते बोटाच्या कडेला, मधोमध नाही. मधोमध फार दुखते. आणि हात साबणाने धुऊन, कोरडे करून. मे महिन्यात एकदा मानकुराद चिरून दिला आणि तशाच बोटाने तपासले, तर मीटर म्हणाला २९१. माझे पाय गळाले. बायको म्हणाली, 'आधी हात धू.' धुतले, १३४. आंब्याचा रस मोजला होता. पावसाळ्यात पट्ट्यांच्या डबीचे झाकण क्षणभरही उघडे ठेवू नका, आपल्याकडची दमट हवा बिस्किटाचे जे करते तेच पट्टीचे करते.

चार दिवसांत कळते की भांडण कुणाशी आहे. माझ्या वहीतली दोन पाने अशी होती. बुधवार, दुपार : तीन वाट्या शीत, हुमण, एक तळलेला पेडवा. आधी ११८, नंतर २४३. गुरुवार, अकरा वाजता : पेज आणि तोराचे लोणचे. आधी १२६, नंतर २३१. पेजेने मला खरा धक्का दिला. आजाऱ्याला देतात ते पथ्याचे अन्न, त्यात वाईट काय असणार? पण मऊ शिजलेला तांदूळ पाण्यासकट घशाखाली उतरतो आणि तितक्याच वेगाने रक्तात.

मग ताट

पाचव्या दिवसापासून बदल करायचा, तोही एकाच जेवणात. दुपार धरा, कारण सर्वांत मोठा ढीग तिथेच असतो.

घरातली एक लहान वाटी निवडा आणि शीत फक्त तिनेच वाढून घ्या. डावाने नाही. डाव हा आपल्या घरांतला सर्वांत खोटारडा मापाचा जिन्नस, त्याच्या टोकावर आणखी अर्धी वाटी बसते. पहिल्या आठवड्यात तीनच्या दोन वाट्या, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात अर्धी. ताटाचा निम्मा भाग भाजी : तांबडी भाजी, भेंडी, आगशीची वांगी, दोडकी, नुसते तवशे चिरून. पाव भाग मासा. उरलेल्या पावात तुमची ती वाटी.

आता मुख्य गोष्ट. जेवायला बसलात की शिताला लगेच हात लावायचा नाही. आधी भाजी आणि तवशे संपवा, मग मासा काटे काढत सावकाश, हुमण वाटीत घेऊन भुरका मारत. शीत शेवटी, उरलेल्या हुमणाबरोबर. भाजी आणि मासा आधी पोटात गेला की शीत हळू पचते, शुगरचा कडा चढतो तो ठेंगणा होतो. हा फरक तुमच्याच मीटरवर दिसेल. मी एकदा मुद्दाम दोन दिवस तेच जेवण उलट-सुलट क्रमाने केले. एक वाटी शीत आधी, तेव्हा दोन तासांनी १८७. तेच शीत शेवटी, तेव्हा १५९. माणसागणिक आकडे बदलतील, पण असा प्रयोग स्वतःवर एकदा कराच. डॉक्टरांचे न ऐकणारी माणसेही मीटरचे ऐकतात.

पहिल्या दिवशी घरचे घाबरतील. माझी म्हातारी आई ताटाकडे बघून म्हणाली, 'इतलेंच शीत? माणूस जितो उरतलो मरे?' (एवढ्यावर माणूस जगेल का?) तिच्यासाठी वाढणे म्हणजे शीत वाढणे, बाकी सगळे तोंडी लावणे. तिला समजावण्यात अर्थ नव्हता. दुसरा बांगडा मागून घेतला, तेव्हा तिचे समाधान झाले. हीच युक्ती तुम्ही वापरा. शीत कमी करताना बाकीचेही कमी केलेत तर चार वाजता भुकेने वेडे व्हाल आणि फरसाणाच्या बरणीत हात जाईल. जे काढले त्याच्या जागी मासा, अंडे, भाजी आलीच पाहिजे.

माशांत महागाच्या इसवणामागे लागायचे कारण नाही. तारले, बांगडे, पेडवे हे स्वस्त आणि तेलकट मासे उलट जास्त चांगले. तिसऱ्यांचे सुके, सुंगटांचे हुमण, सगळे चालते. तळताना रव्याचा थर जाड नको. मी आता मीठ, हळद, मिरची, आगळ लावून तसाच तव्यावर टाकतो. रवा नाही म्हणून पहिल्या दिवशी कुरकुर झाली, तिसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षातही आले नाही.

उकडे तांदूळ की सुरय (न उकडलेले), हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारतात. उकड्या तांदळाने शुगर थोडी सावकाश चढते, हे खरे. म्हणून अर्धी वाटी उकड्याचीच घ्या. पण उकडे आहेत म्हणून तीन वाट्या चालतात, असे नाही. कर्बोदके दोन्हींत जवळपास सारखीच.

जेवून झाले की आडवे व्हायचे नाही. गोव्यात हे सांगणे म्हणजे पाप, कल्पना आहे. आधी दहा-पंधरा मिनिटे अंगणात, गॅलरीत, कुठेही चाला, मग खुशाल पडा. चालताना मांड्यांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि जेवणानंतरच्या त्या पंधरा मिनिटांना मोल आहे.

पोदेराची सायकल

दुपार बसली की सकाळ घ्या. हॉटेलातली पाव-भाजी, म्हणजे पातळ भाजी, दोन पाव, वर एक बन आणि गोड चहा. एका पावात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके, भाजीतही बटाटा किंवा वाटाणे. सकाळी नऊलाच दिवसाचा बराच कोटा संपतो.

पोळी म्हणजे इथे चपाती नव्हे, पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) कोंड्याचा पाव. कोंडा असतो, म्हणून ती मधुमेह्याला चालते, असे इथे सगळेच मानतात. मीही मानत होतो आणि दोन खात होतो. माझ्या वहीप्रमाणे पोळी उंड्यापेक्षा (साध्या गोल पावापेक्षा) बरी, पण एक पोळी म्हणजे एक पोळीच. अर्धी घ्या. मध्ये फाडून ऑम्लेट भरा.

सकाळी सर्वांत सोपे म्हणजे दोन अंडी. कांदा, मिरची, कोथिंबीर घालून ऑम्लेट. शिवराक (शाकाहारी) असाल तर मुगाचे घावणे, पनीर, किंवा आळसांद्यांची उसळ एक वाटी, पावाशिवाय. उसळीत कर्बोदके असतात, पण चोथा आणि प्रथिनेही असतात, म्हणून ती हळू चढते. संध्याकाळी गाड्यावर रोस ऑम्लेट, म्हणजे रश्शातले ऑम्लेट, खायला मित्र नेतील. जावे. रोस आणि ऑम्लेट खावे, पाव शेजारच्याला द्यावा, तो कधीच नाही म्हणत नाही.

आमचा पोदेर रोज आठ उंडे ठेवायचा. त्याला तीन सांगितले तेव्हा त्याने सायकल थांबवून विचारले, घरात भांडण झाले का? घरात जितके येते तितके संपते. मनोनिग्रहावर विसंबण्यापेक्षा पोदेराला आकडा सांगणे सोपे.

चहा आणि चारची भूक

दिवसाला तीन चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे ३० ग्रॅम साखर. एकदम बंद केली तर चहा औषधासारखा लागतो. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, महिन्यात शून्य. गुळाने काही साधत नाही, शुगरच्या हिशेबी गूळ आणि साखर भाऊ-भाऊ. 'शुगर-फ्री' छापलेल्या बिस्किटात साखर नसते, मैदा असतो. चहाबरोबर मूठभर शेंगदाणे किंवा दहा काजू घ्या. दहाच. काजू मोजून वाटीत काढा आणि डबा परत फळीवर ठेवून मग बसा.

शहाळ्यालाही हिशेब आहे. एका शहाळ्याच्या पाण्यात दहा-बारा ग्रॅम साखर सहज असते. कधीतरी ठीक, रोज दुपारी 'नैसर्गिक आहे' म्हणून नको. फळांत पेरू, पपईची एक फोड बरी. मानकुरादच्या दिवसांत मी जेवणानंतर अर्धा आंबा खातो, त्या दिवशी शीत घेत नाही. मे महिन्यात असला सौदा जमला नाही तर गोव्यात जगण्यात अर्थ नाही.

शिवराक वार आणि मासेमारीबंदी

मासे मिळतात तोवर हे सगळे सोपे. खरी परीक्षा सोमवारी, गुरुवारी आणि श्रावणात. मासा गेला की नकळत शीत वाढते, वरण-भात, वर तूप, एक पापड, आणि पोट भरल्यासारखेच वाटत नाही म्हणून पुन्हा भात. शिवराक दिवशी आधी प्रथिन ठरवा, मग स्वयंपाक. घट्ट डाळ, मुगागाठी, वालाची भाजी, पनीर, घट्ट दही, ताक. अंडे चालत असेल तर प्रश्नच मिटला. आणि खतखते ही भाजी आहे असे समजू नका. कणगी, सुरण, कोनफळ, कच्ची केळी, मका, नीरफणस! एक वाटी खतखते घ्या आणि त्या जेवणात शीत घेऊ नका. शिताशिवाय ते अधिक चांगले लागते, हे माझे वैयक्तिक मत.

१ जून ते ३१ जुलै यंत्रांच्या होड्यांना मासेमारी बंद, बाजारात मिळतो तो मासा परवडत नाही. या दोन महिन्यांत माझी शुगर दरवर्षी वर जायची आणि मी पावसाला दोष देत असे. आता पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, खरेदीतच सोय करतो. सुकी सुंगटे आणली की किसमूर होते, खोबरे-कांदा-सोलांची, अर्ध्या वाटी शिताला पुरून उरते. सुका बांगडा भाजण्याआधी पाण्यात भिजत घाला आणि ते पाणी टाकून द्या. मीठ फार असते, रक्तदाबवाल्यांनी बेताने. आणि पावसाळ्याने एका हाताने मासा नेला तरी दुसऱ्या हाताने टायकिळा, आळू, कोंब, अळंबी दिलेली असते. या भाज्या पोटभर खा, वहीत लिहायचीही गरज नाही.

चवथ, दिवाळी, जत्रा

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, नेवऱ्या (करंज्या) खायच्याच. पण जेवणाच्या शेवटी एक, सकाळी उपाशीपोटी चार नाही. पातोळ्यांच्या दिवशी शीत नको, तांदूळ पातोळीतही आहेच. नरक चतुर्दशीला पाच घरी पाच तऱ्हांचे फोव, प्रत्येक घरी एकच चमचा, आणि 'आमगेर तर खालेच नात' याला मान तुकवून हसायचे. जत्रेतले खाजे घरी पोचेपर्यंत पिशवीतच राहील असे बघा. सणाच्या दिवशी आकडा चढला तर चढला, दुसऱ्या दिवशी परत वाटी.

पेला

मार्च-एप्रिलात हुर्राक (काजूच्या बोंडांची दारू) येते, लपवण्यात अर्थ नाही. फेणी काय, हुर्राक काय, ऊर्ध्वपातन केलेल्या दारूत साखर नसते. साखर असते तिच्यात ओतलेल्या गोड लिंबू-सोड्यात, ३०० मिलीच्या बाटलीत तीसेक ग्रॅम. साधा सोडा, लिंबू, मीठ, चिरलेली मिरची, असे घेता येते. बिअरच्या लहान बाटलीत दहा-बारा ग्रॅम कर्बोदके. पण खरी भीती वेगळी. दारू पचवण्यात गुंतलेले यकृत रक्तात साखर सोडायचे काम बाजूला ठेवते आणि पहाटे झोपेतच शुगर खाली जाऊ शकते. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर विशेष. उपाशीपोटी घेऊ नका, आणि घेत नसाल तर शुगरला बरे म्हणून सुरू तर मुळीच करू नका.

सुरुवातीचे पंधरा दिवस

लघवी जास्त होते, डोके जड होते, चिडचिड होते. शरीर साठवलेले पाणी आणि मीठ सोडते, म्हणून. पाणी प्या, हुमण-कढीतले मीठ पुरते, वेगळे घालू नका. पोट साफ होत नसेल तर पालेभाजी वाढवा. पहाटेचा आकडा रात्रीपेक्षा जास्त दिसला तर घाबरू नका, उजाडताना यकृत आपणहून साखर सोडते. माझा सकाळचा आकडा सर्वांत शेवटी सुधारला, जवळजवळ तीन महिन्यांनी. वजन पहिल्या आठवड्यात दोन किलोही उतरू शकेल, त्यावर फार भाळू नका, ते बरेचसे पाणी असते.

किती कमी करायचे? दिवसाला १३० ग्रॅमच्या आत कर्बोदके असली की त्याला लो-कार्ब म्हणतात, ५० च्या आत गेले की फारच कडक. नवख्याने १३० च्या आसपास थांबावे, असे माझे मत. २०२२ साली आयसीएमआर-इंडियाबच्याच आकडेवारीवरून भारतीयांसाठी मांडलेल्या हिशेबात, मधुमेह नुकताच झालेल्यांना तो परतवण्यासाठी कर्बोदके एकूण उष्मांकाच्या ४९ ते ५४ टक्क्यांवर आणि प्रथिने १९-२० टक्क्यांवर नेणे सुचवले आहे. म्हणजे इतका बदलही कामाचा आहे. कडक सुरुवात करून तिसऱ्या आठवड्यात सगळे सोडून देणारे मी बरेच पाहिले, त्यांतला एक मी.

तीन महिन्यांनी

एचबीएवनसी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, त्यामुळे आधी करून उपयोग नाही. त्याच वेळी कोलेस्टेरॉलही तपासा. खोबरे आणि तेलकट जिन्नस वाढले की काहींचे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) चढते, मग नारळाचा हात आखडावा लागतो. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतले अल्ब्युमिन वर्षातून एकदा, पाय रोज स्वतः बघायचे. गोव्यात अनवाणी देवळात जाणारे, अंगणात वावरणारे आपण, पायाला लागलेले कळत नसेल तर ते लपवू नका.

गोळ्यांशिवाय किमान तीन महिने एचबीएवनसी ६.५ च्या खाली राहिले तर त्याला मधुमेहाची माघार म्हणतात. हे होते. ब्रिटनमधल्या डायरेक्ट चाचणीत, आजार सहा वर्षांहून जुना नसलेल्या लोकांनी कमी उष्मांकांच्या आहाराने वजन उतरवले, आणि वर्षाअखेर ४६ टक्के जण माघारीत होते. ती लो-कार्बची चाचणी नव्हती, वजनाची होती, पण आपल्याला धीर येण्यासारखी आहे. आजार जितका नवा तितकी शक्यता जास्त. माझी माघार झालेली नाही. ९.१ चे ७.४ झाले, मग ६.६. ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी बंद केली, मेटफॉर्मिन चालू आहे, आणि मला तिचे काही वाटत नाही.

गेल्या चवथीनंतर पुन्हा ७.२ आले. डॉक्टरांनी विचारले काय खाता, मी प्रामाणिकपणे म्हणालो, नेहमीचेच. घरी येऊन वही काढली, चार दिवस काहीही न बदलता सगळे लिहिले. तिसऱ्या पानावर सापडले : रात्री साडेदहा, टीव्हीपुढे, डब्यातल्या दोन नेवऱ्या. डबा आता पुतण्याच्या घरी आहे.